आमची वाटचाल : ॲसिड क्लोराइडपासून अल्फा-ब्रोमो ॲसिडपर्यंत

आमच्या कामाची सुरुवात ॲसिड क्लोराइडांपासून (ॲसिडातल्या ओएच गटाच्या जागी क्लोरीन असलेली संयुगं) झाली. छोट्या कारखान्याला ते झेपतं. कार्बोक्झिलिक ॲसिडात थायोनिल क्लोराइड थोडं जास्त घ्यायचं, डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड, क्रिया वेगवान करणारं) अगदी किंचित टाकायचं आणि तापवायचं. सल्फर डायऑक्साइड व हायड्रोजन क्लोराइड वायुरूपात निघून जातात. उरलेलं थायोनिल क्लोराइड ७६ अंशांच्या आसपास उकळतं, ते ओढून घ्यायचं.

पुढे मागणी आली अल्फा-ब्रोमो ॲसिडांची. इथे हॅलोजन (क्लोरीन, ब्रोमीन यांसारखं मूलद्रव्य) ओएचच्या जागी नाही, ॲसिड गटाच्या शेजारच्या, म्हणजे अल्फा, कार्बनवर बसवायचा असतो. नुसत्या ॲसिडाचा ईनॉल (ब्रोमीनशी क्रिया करणारं रूप) जवळजवळ बनत नाही, ॲसिड ब्रोमाइडाचा बनतो; हेल (१८८१), फोलहार्ड आणि झेलिन्स्की (१८८७) यांच्या पद्धतीचं मर्म हेच. फॉस्फरस ट्रायब्रोमाइड थोडंच पुरतं, कारण तयार झालेलं ब्रोमो-ॲसिड ब्रोमाइड उरलेल्या ॲसिडाशी अदलाबदल करत राहतं. बेंझोइक ॲसिडासारखं अल्फा हायड्रोजन नसलेलं ॲसिड मात्र इथे चालत नाही.

आमचा सगळा भर कोरडेपणावर असतो. एक किलो पाणी पाच किलो ट्रायब्रोमाइड खाऊन टाकतं. म्हणून ॲसिड ताजं डिस्टिल केलेलं आणि ब्रोमीन तीव्र सल्फ्युरिक ॲसिडाने धुतलेलं.

प्रोपियोनिक ॲसिड ७४ किलो असेल तर ब्रोमीन १६० किलो लागतं, शिवाय थोडं जास्तीचं. तापमान ६५ ते ७० अंश, वर थंडगार कंडेन्सर, कारण ब्रोमीन ५९ अंशांनाच उकळतं. आधी थोडंच ब्रोमीन सोडायचं आणि रंग उडेपर्यंत थांबायचं. सुरुवातीला रंग बराच वेळ टिकतो. त्या वेळात घाईने आणखी सोडलं तर ते साचतं, मग क्रिया एकदम पेटते आणि वायूचा लोंढा कंडेन्सरला आवरत नाही. लाल रंग साचू द्यायचा नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम.

निम्मं ब्रोमीन हायड्रोजन ब्रोमाइड होऊन बाहेर पडतं, सुमारे ८१ किलो. ते मारायला किमान ४० किलो कॉस्टिक सोडा हवा. हा वायू पाण्यात इतक्या झपाट्याने विरघळतो की नळी द्रावात बुडालेली असली तर स्क्रबरचं (वायू द्रावात शोषून घेणाऱ्या भांड्याचं) पाणी उलटं रिॲक्टरकडे ओढलं जातं. मध्ये एक रिकामं भांडं ठेवायलाच हवं. रिॲक्टर ग्लास-लाइन्ड (आतून काचेचा थर असलेला), गॅस्केट पीटीएफईचे (टेफ्लॉनचे). स्टेनलेस स्टील आणि रबर इथे टिकत नाहीत.

शेवटी थोडं पाणी घालून ॲसिड ब्रोमाइड मोडायचं. गरम असताना भरपूर पाणी किंवा अल्कली दिली तर ब्रोमीनच निसटतं आणि हायड्रॉक्सी ॲसिड हाती येतं. एस्टर (ॲसिड आणि अल्कोहोल जोडून बनणारं संयुग) हवा असेल तर ट्रायब्रोमाइड पूर्ण प्रमाणात घेऊन पाण्याऐवजी अल्कोहोल सोडतो. हे ब्रोमो-एस्टर डोळ्यांना जबर झोंबतात, म्हणून ड्रम भरणंही बंद लाइनीतूनच.

मोनोक्लोरोॲसिटिक ॲसिडाची (ॲसिटिक ॲसिडाच्या अल्फा कार्बनवर एक क्लोरीन) अडचण निराळी. क्लोरीन जास्त झाला की दोन क्लोरीनचं डायक्लोरो बनतं, आणि १८९ व १९४ अंश हे दोघांचे उत्कलनबिंदू इतके जवळ की डिस्टिलेशनने ते नीट सुटत नाहीत. मोनो ६३ अंशांना वितळतं, डायक्लोरो साधारण १३ ला. तेव्हा ते स्फटिक पाडूनच वेगळं करावं लागतं.