तुम्ही विचारलंत म्हणून: ऑल-माउंटन घेऊ की कार्व्हिंग?

दिवाळी आटपली आणि इकडे झ्युरिकमध्ये सकाळी गाडीच्या काचेवर दंव दिसायला लागलं की फोन सुरू होतात. "ताई, यंदा भाड्याच्या स्की नकोत, स्वतःच्या घ्यायच्यात. एकच जोडी परवडेल. ऑल-माउंटन घेऊ की कार्व्हिंग?" विचारणारे बहुतेक पुण्या-नाशकाकडून नोकरीसाठी इकडे आलेले, तिशी ओलांडल्यावर स्की शिकलेले, निळ्या पिस्टवर (पिस्ट म्हणजे यंत्राने बर्फ दाबून तयार केलेला उतार; निळी सोपी, लाल मध्यम) निवांत आणि लाल पिस्टवर जपून उतरणारे असतात. मीही अशीच उशिरा शिकले. फोनवर घाईघाईत सांगितलेलं अर्धवट राहतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

कार्व्हिंग म्हणजे दाबलेल्या बर्फावर कडेवरून वळायला केलेली अरुंद स्की, ऑल-माउंटन म्हणजे सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालावी म्हणून केलेली जरा रुंद स्की. उत्तर आधी देऊन टाकते. तुम्ही आल्प्समध्ये, मुख्यतः पिस्टवर, हिवाळ्यात एक-दोन आठवडे स्की करणार असाल, तर ७२ ते ७८ मिलिमीटर कंबरेची (म्हणजे मधोमधच्या रुंदीची), १३ ते १५ मीटर त्रिज्येची (म्हणजे तिच्या कडेच्या कमानीतून निघणाऱ्या वळणाच्या त्रिज्येची) स्की घ्या. दुकानात ती कार्व्हिंगच्या रांगेत असो नाहीतर ऑल-माउंटनच्या, त्याने फरक पडत नाही. पाटीपेक्षा स्कीवरचे आकडे वाचायला शिका.

हे आकडे स्कीच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले असतात. समजा १२१-६८-१०३ असं लिहिलंय. पहिला आकडा पुढच्या टोकाची रुंदी, मधला कंबरेची, शेवटचा शेपटीची. शेजारी त्रिज्या असते, मीटरमध्ये. कंबर बारीक आणि दोन्ही टोकं रुंद असल्यामुळे स्की कडेवर कलली की तुमच्या वजनाने मधोमध वाकते आणि तिची कड बर्फात कमानीसारखी बसते. त्या कमानीवरूनच स्की पुढे धावली, आडवी खरडली नाही, की झालं कार्व्हिंग. पूर्वीच्या स्की दोन मीटर लांब आणि जवळजवळ सरळसोट असत. त्यांच्यावर असं वळण घेणं मुरलेल्या माणसालाच जमायचं. १९९३ च्या सुमारास स्लोव्हेनियातल्या बेगुन्ये गावच्या एलान कंपनीने एससीएक्स नावाची खोल कंबरेची स्की आणली आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्यांनाच आपले साचे बदलावे लागले. आज आपल्यासारख्या हौशी माणसाला कार्व्हिंगची चव घेता येते ती त्या बदलामुळे.

आता त्रिज्येचं गणित, कारण खरी मेख इथे आहे आणि विकणारे ती क्वचितच उलगडून सांगतात. छापलेली त्रिज्या स्की सपाट असतानाची असते. स्की जितकी कलवाल तितकं वळण लहान होतं: ६० अंश कलवली तर १४ मीटरची स्की ७ मीटरचं वळण घेईल. टीव्हीवर शर्यतीत दिसतात ते लोक तितकं आणि त्याहूनही जास्त कलवतात. आपण पोचतो ते ३० अंशांच्या आसपास, आणि तिथे १४ चे फक्त १२ होतात. म्हणजे १९ मीटर त्रिज्येची ऑल-माउंटन घेतलीत तर तुमचं शुद्ध वळण साडेसोळा मीटरचं होणार. लाल उतारावर एवढं मोठं वळण पुरं होईपर्यंत वेग इतका चढतो की छातीत धस्स होतं. मग माणूस काय करतो? टाचा बाहेर ढकलतो आणि स्की आडवी करून ब्रेक मारतो. प्रत्येक वळणावर हेच. दुपारी दोनपर्यंत मांड्या भरून येतात आणि "आता वय झालं" असं वाटायला लागतं. वयाचा संबंध नसतो. पायाखाली तुमच्या आजच्या वेगाला मानवेल अशी त्रिज्या नसते, इतकंच. हे सांगताना माझा जीव तुटतो, कारण चांगले उमेदीने शिकलेले लोक तीन-चार हिवाळ्यांनंतर याच थकव्यामुळे स्की सोडून देताना मी पाहिलेत.

तुम्ही कुठे आहात हे तपासायचं असेल तर सकाळी पहिल्या लिफ्टने वर जा. रात्री पिस्टनबुली, म्हणजे बर्फ दाबणारं यंत्र, फिरून गेलेलं असतं, त्याने ओढलेल्या बारीक समांतर रेघा अजून मोडलेल्या नसतात. मध्यम उतारावर चार-पाच वळणं घ्या, कडेला थांबा आणि मागे वळून स्वतःची खूण बघा. वळणाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारख्या दोन स्वच्छ रेषा दिसल्या, तर स्की कडेवरून धावली. रेघा पुसून हातभर रुंद पट्टा उमटला असेल, तर स्की खरडली. बहुतेकांच्या खुणेत वळणाचा शेवट बरा असतो आणि सुरुवात पुसलेली असते. ही सुरुवात सुधारायला अरुंद कंबरेइतकी मदत दुसरं काही करत नाही.

त्याचं कारण साधं आहे. घट्ट बर्फावर सगळा भार एका कडेवर येतो. ६८ मिलिमीटरच्या स्कीवर ती कड पायाच्या मध्यरेषेपासून ३४ मिलिमीटरवर असते, ९८ च्या स्कीवर ४९ वर. रुंद स्कीवर कड पायाखालून बाहेर जाते, बर्फ स्कीला परत सपाट करू पाहतो आणि तो पीळ घोटा आणि गुडघा सोसतात. शिवाय एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायलाही जास्त वेळ लागतो. तरुण, दणकट, तंत्र पक्कं असलेल्या माणसाला हे चालतं. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या आणि शनिवारी सकाळच्या गाडीने थेट फ्लुम्सरबर्गचं स्की-क्षेत्र गाठणाऱ्या माणसाने हा पीळ विकत का घ्यावा?

तरी लोक ८८, ९५ च्या स्की घेऊन येतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. यूट्यूबवरची इंग्रजी परीक्षणं बहुतांशी कोलोराडो, यूटाकडची असतात. तिथे स्की-क्षेत्राच्या हद्दीतला मोठा भाग, झाडी आणि मोकळे खोलगट उतार धरून, हिमस्खलनाच्या दृष्टीने सांभाळलेला असतो. तिथला माणूस न दाबलेल्या बर्फात रोज शिरतो, त्याला ९५ ची कंबर योग्यच. आल्प्समध्ये पिस्टच्या खांबांपलीकडे पाऊल टाकलं की जबाबदारी तुमची. स्वित्झर्लंडमध्ये पिवळ्या खुणांचे मार्ग तेवढे अपवाद: ते स्खलनापासून राखलेले असतात पण दाबलेले नसतात. बाकी एंगेलबर्गचा लाउब असो की आंदरमाटच्या गेमस्टॉकचे कोरे उतार, तिथे जायचं तर हिमस्खलनात शोध घेणारं यंत्र, सळई, फावडं आणि ते वापरायचा सराव लागतो. दाव्होसच्या एसएलएफ संस्थेचं हिमस्खलनाचं पत्रक वाचता यावं लागतं. आणि सुरुवातीला सोबत गाइड हवाच. स्कीची रुंदी यातलं काहीही भरून काढत नाही. रुंद स्की घेतली म्हणून खांबांपलीकडे जावंसं वाटणं मला धोक्याचं वाटतं.

मात्र गुलमर्गला जाणाऱ्यांनी माझं उत्तर उलटं करून घ्यावं. भारतातून बरेच मराठी ट्रेकर तिथे शिकायला जातात आणि मला विचारतात. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवतच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो, आणि तिथून खाली उतरायचं ते मुख्यतः न दाबलेल्या, खोल बर्फातून. तिथे १०० आणि त्याहून रुंद कंबर, पुढचं टोक वर उचललेलं, हेच बरोबर. त्यांनीही विमानातून जोडी वाहून नेण्याआधी तिथे भाड्याने घेऊन बघावी. याच परिसरातल्या टंगमर्गचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलममध्ये (लांब लांब रोवलेल्या खांबांमधून वळत उतरायच्या शर्यतीत) ४५ वा आला. त्या शर्यतीत तो ज्या अरुंद कंबरेच्या, लांब त्रिज्येच्या स्कीवर धावला, ती आणि त्याच्या गावावरच्या डोंगराला लागणारी स्की यांची जातच वेगळी.

ऑल-माउंटनच्या बाजूने बोलायचं तर दुपार तिची आहे. मार्चमध्ये बाराच्या पुढे पिस्ट मऊ पडते, बर्फाचे ढीग साचतात, आणि १२ मीटर त्रिज्येच्या स्लॅलम पद्धतीच्या (जवळजवळच्या खांबांमधून झटपट वळायच्या) स्कीचं रुंद टोक त्या ढिगात अडकून नको तेव्हा वळायला लागतं. ८४ ते ८८ ची स्की तिथे शांतपणे वरून निघून जाते. तुम्ही वजनाने भारी असाल, शक्यतो हिवाळ्याच्या उत्तरार्धात, सकाळी उशिरा बाहेर पडणारे असाल, पिवळे मार्ग आवडत असतील, तर ८४ पर्यंत जायला माझी ना नाही. म्हणूनच मी वर ७२ ते ७८ म्हटलं, ६६ नाही. या पट्ट्यात श्टॉकली कंपनीची ७८ ची लेझर एएक्स आहे, हेड कंपनीच्या सुपरशेप मालिकेतल्या काही आहेत. नावं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, रंग दर वर्षी. आकडे मात्र तुम्हाला कुठल्याही दुकानात वाट दाखवतील.

आतल्या साहित्याबद्दल थोडंसं. टिटानल लिहिलेलं असलं तर तो अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू आहे, टायटॅनियम नव्हे. त्याचे पातळ पत्रे स्कीची थरथर मारतात, घट्ट बर्फावर कड धरून ठेवतात, आणि स्की जड व ताठ करतात. साठ किलोच्या आतल्या माणसाने दोन जाड थरांची स्की घेतली तर ती त्याच्याने वाकणारच नाही, आणि न वाकलेली स्की वळत नाही. बायकांना दुकानात बहुधा आपोआप हलकी, मऊ जोडी दाखवतात. तेही डोळे झाकून घेऊ नका. वजन आणि वेग सांगा, मग ताठपणा विचारा.

लांबी: कार्व्हिंग स्की उभी धरल्यावर हनुवटी ते नाक, ऑल-माउंटन नाक ते कपाळ. पुरुषांच्या जागतिक स्पर्धांमध्ये स्लॅलमची स्की किमान १६५ सेंटिमीटर असावी लागते आणि ते लोक सहसा त्याहून लांब घेत नाहीत. तेव्हा १६५ म्हणजे लहान मुलांची, ही समजूत काढून टाका.

विकत घेण्याआधी चालवून बघाच. मोठ्या स्की-क्षेत्रांतल्या भाड्याच्या दुकानांत दिवसभरात जोडी बदलून मिळते. त्यासाठी थोडे जास्त पैसे लागले तरी द्या. तुमचेच बूट, एकच पिस्ट, सकाळी एक जोडी आणि लगेच दुसरी, मग जेवणानंतर पुन्हा दोन्ही. पहिली उतराई फक्त ओळखीची, तिच्यावरून मत बनवू नका. आणि कडेला धार आहे का ते आधी बघा: नखाची पाठ कडेवरून आडवी, हलक्या हाताने ओढली तर धारदार कड नखाचा बारीक भुगा काढते. बोथट कडेची उत्तम कार्व्हिंग स्की धारदार ऑल-माउंटनपुढे हरते, आणि तुम्ही भलतीच जोडी उचलून आणता.

पैसे मोजकेच असतील तर आधी बुटांना द्या. सैल बुटात पाय फिरतो आणि स्कीपर्यंत निरोप पोचतच नाही. मग कंबर ६८ असो की ९८. बूट जाणकाराकडून मापून घेतले आणि स्की जुन्या घेतल्या तर मला जास्त आनंद होईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावोगावी भरणाऱ्या स्कीबोर्सेमध्ये, म्हणजे जुन्या स्कींच्या बाजारांत, आणि मार्चनंतर भाड्याच्या दुकानांत वापरलेल्या जोड्या निम्म्या-पाऊण किमतीत मिळतात. तिथे तीन गोष्टी बघा. कड किती जाड उरली आहे: खूपदा घासून ती तारेसारखी झाली असेल तर नको. तळाला कडेलगत भेग आहे का: असेल तर पाणी लाकडापर्यंत गेलेलं असू शकतं. आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, तुमच्या बुटाच्या तळव्याला चालतं का: चालायला सोपे असे नवे, वक्र ग्रिपवॉकचे तळवे जुन्या बाइंडिंगात नीट बसत नाहीत. तिन्ही ठीक असलं तरी घरी नेऊन स्वतः पेचकस लावू नका. बाइंडिंग किती जोराला सुटावं हे तुमचं वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून ठरतं. दुकानात यंत्रावर तपासून, कागदावर लिहून घ्या, आणि दर हिवाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा तपासा.

मुलांसाठी मात्र विकत घेऊच नका, हंगामभराच्या भाड्याने घ्या. आणि सप्टेंबरातच जा, कारण १३० ते १४० च्या मापाच्या जोड्या सगळ्यात आधी संपतात.