तापणारी टू-स्ट्रोक आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र : माझा अनुभव

दोन वर्षांपूर्वी पुण्यात सुपरक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत) खेळणाऱ्या एका मुलाकडून मी यामाहाची वायझेड २५० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल विकत घेतली. आपल्याकडे टू-स्ट्रोक म्हटले की आरएक्स १००, येझदी किंवा राजदूत ३५० डोळ्यांसमोर येते, आणि या सगळ्या गाड्या हवेवर थंड होणाऱ्या आहेत. मीही तशाच गाड्यांवर शिकलो असल्यामुळे पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचे मला काहीच ज्ञान नव्हते. रेडिएटर आहे, त्यात पाणी आहे, म्हणजे ही गाडी तापणार नाही, असे मी धरून चाललो होतो.

मार्चमधल्या एका रविवारी दिवे घाटाच्या पलीकडे मुरमाच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये सात-आठ मिनिटे हळूहळू चढत असताना डाव्या पायापाशी फसफस ऐकू आली आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून गरम पाणी मुरमावर सांडू लागले. गाडी बंद केली, अर्धा तास सावलीत उभी केली, बाटलीतले पिण्याचे पाणी भरले आणि घरी आलो. पुढच्या रविवारी तेच झाले, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

या गाडीला पंखा नसतो, थर्मोस्टॅट नसतो आणि तापमान दाखवणारा काटाही नसतो. ती शर्यतीसाठी बनवलेली असते आणि तिचे दोन्ही रेडिएटर वेगाने अंगावर येणाऱ्या वाऱ्याच्या भरवशावर काम करतात. त्यातच टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, आणि सगळे मिळून पाणी असते जेमतेम लिटर-सव्वा लिटर. त्यामुळे हळू चालवताना ती तापणे काही प्रमाणात स्वाभाविक असते, हे मला नंतर समजले. परंतु सात मिनिटांत उकळणे स्वाभाविक नव्हते.

मी सुरुवात पाण्यापासून केली. वरचा होज पाइप काढला तेव्हा त्याच्या तोंडाशी पांढरा, खरखरीत थर हाताला लागला. आधीच्या मालकाने बोअरचे पाणी भरलेले असावे. घरातल्या गिझरच्या कॉइलवर बसतो तोच हा क्षार. लिंबूसताचे सौम्य द्रावण भरून गाडी थोडा वेळ चालू ठेवली, ते काढून साध्या पाण्याने तीन वेळा धुतले आणि मग कुलंट व बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरले. कुलंट अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाला चालणारे आहे ना, हे डब्यावर पाहून घ्यावे. पाणी न मिसळलेले दाट कुलंट नुसते भरणे चुकीचे आहे, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी त्याच्यापेक्षा सरस असते. कुलंट लागते ते गंज टाळण्यासाठी आणि उकळण्याचे तापमान थोडे वर नेण्यासाठी.

भरताना गाडी पुढून थोडी उंच करून, रेडिएटरची कॅप उघडी ठेवून, होज पाइप हाताने दाबत राहिले तर अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. हवा राहून गेली की नाही, हे नंतर हातालाही कळते. गाडी चालू करून दोन-तीन मिनिटांनी दोन्ही रेडिएटरना हात लावून पाहावा; एक गरम आणि दुसरा गार लागला तर कुठेतरी हवा किंवा कचरा अडकला आहे.

त्यानंतर कॅप. मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात ती दाबाच्या पंपावर तपासून घेतली. तिने १.१ किलोचा दाब धरायला हवा होता, पण निम्म्यावरच ती सुटत होती. बंद यंत्रणेत एवढा दाब राहिला तर साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दाब सुटला की ते १०० च्या आसपासच उकळू लागते. नवी कॅप बसवली. (गरम इंजिनाची कॅप कधीही उघडू नये. माझ्या एका मित्राचा हात कोपरापर्यंत भाजलेला मी पाहिला आहे.) रेडिएटरच्या पापुद्र्यांत बसलेला मुरूम मागून पुढे पाणी मारून काढला आणि वाकलेले पापुद्रे पातळ पात्याने सरळ केले.

एवढे करून गाडी सातऐवजी बारा मिनिटांनी उकळू लागली.

या टप्प्यावर मी एक मोठी चूक केली. इंजिनाला जास्त वंगण मिळावे म्हणून पेट्रोलमधले तेल वाढवले. एका लिटरला ३३ मिली, म्हणजे ३०:१, हे योग्य प्रमाण असताना मी ५० मिली घालू लागलो. वरवर पाहता हे शहाणपणाचे वाटते, परंतु कार्ब्युरेटरमधल्या जेटच्या ठरावीक मापाच्या भोकातून जाणाऱ्या मिश्रणात तेल वाढले म्हणजे तेवढे पेट्रोल कमी झाले. हवा तेवढीच आणि पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण पातळ. आणि पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक अधिक तापते. मी स्वतःच्या हाताने आग वाढवत होतो.

शेवटी भोसरीतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी रेडिएटरकडे पाहिलेही नाही. गाडी चालू केली, दोन वेळा रेस दिली आणि कान देऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, "दादा, रेस सोडल्यावर गाडी लगेच खाली बसत नाही बघा. कुठून तरी हवा ओढतीय." प्लग काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. चिनी मातीचा भाग चहाच्या रंगाचा असायला हवा होता. तो खडूसारखा पांढरा होता, म्हणजे मिश्रण पातळ. इतके दिवस मी पाण्याकडे पाहत होतो आणि प्लग एकदाही उघडला नव्हता.

हवा कुठून येते, हे शोधण्यासाठी इंजिनात हलका दाब भरून पाहायचा असतो: साधारण ६ पौंड, सहा मिनिटे. मिस्त्रींकडचे मीटर बिघडलेले होते. तेव्हा मला वडिलांचे रक्तदाब मोजण्याचे जुने, घड्याळासारखी तबकडी असलेले यंत्र आठवले. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो आणि पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ५.८ पौंड. एक्झॉस्टचे तोंड आणि कार्ब्युरेटरच्या जागचे रबर बुचांनी बंद केले, एका बुचातून नळी घातली आणि रबरी फुगा दाबत काटा ३०० वर नेला. मिनिटभरात तो १८० वर आला. मिस्त्रींनी साबणाचे पाणी ब्रशने सगळीकडे लावले. हेडच्या सांध्याला काही नाही, रीड वाल्वच्या (मिश्रण आत सोडणाऱ्या झडपेच्या) बैठकीला काही नाही. मॅग्नेटच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) मागे, क्रँकच्या दांड्याभोवती मात्र बारीक पांढरा फेस फुलत राहिला.

डाव्या बाजूचे ऑइल सील, म्हणजे दांड्याभोवतीची रबरी कडी, गेले होते आणि तिथून आत येणारी हवा मिश्रण पातळ करत होती. पुलर लावून मॅग्नेट काढले आणि सील बाहेर आले, तेव्हा त्याची ओठासारखी कड वाळलेल्या चामड्याइतकी कडक झालेली होती. उजव्या बाजूचे सील गेले असते तर गिअरचे तेल आत ओढले जाऊन पांढरा धूर निघाला असता आणि मला केव्हाच कळले असते. डावीकडे बाहेर कोरडी हवा असते, त्यामुळे धूर नाही, गळती नाही, खूण म्हणावी तर फक्त उष्णता. ब्लॉक उघडून पाहिला तेव्हा पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे पडू लागले होते. आणखी दोन-चार रविवार असेच गेले असते तर पिस्टन बोअरमध्ये जाम झाला असता, याबद्दल मला शंका नाही.

नवे सील, नवा पिस्टन आणि रिंग बसवून तेल पुन्हा ३३ मिलीवर आणले. एप्रिलच्या अखेरीस, दुपारी अकराच्या उन्हात, तोच चढ पहिल्या गिअरमध्ये वीस मिनिटे चढलो. रेडिएटरवर चिकटवलेली तापमानाची पट्टी ८२ च्या पुढे सरकली नाही आणि ओव्हरफ्लोची नळी कोरडी होती.

त्यानंतर डिसेंबरमध्ये पहाटेच्या थंडीत प्लग पुन्हा फिकट दिसू लागला, तेव्हा मी घाबरलो नाही; थंड हवा दाट असते आणि त्याच जेटवर मिश्रण पातळ होते. मेन जेट एका नंबरने मोठा घातला आणि उन्हाळ्यात पुन्हा जुना बसवला. रक्तदाबाचे ते यंत्र आता हत्यारांच्या पेटीत असते. गेल्या आठवड्यात पुन्हा दाब भरून पाहिला: सहा मिनिटांनंतर काटा २९० वर होता. उजवे सील अजून जुनेच आहे आणि नवे मागवले आहे.