पाय लुळा पडला ती तारीख

आशाताईंचा फोन आला तेव्हा तुर्भ्याच्या वस्तीत लसीकरणाचं सत्र चालू होतं. चार वर्षांची मुलगी, उजवा पाय ओढत चालते. वडील नाक्यावरचे बिगारी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने सगळे गावी निघालेले. पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की निदानासाठी थांबायचं नसतं, पोलिओचा संशय धरून लगेच कळवायचं.

आईने तारीख सांगितली ती तापाची. आम्हाला हवी होती पाय लटका पडल्याची. "ताई, नळावर तुमच्याबरोबर नीट चालत शेवटची कधी आली?" मग कळलं, रविवारपासून नाही. पहिल्या दोन आठवड्यांत शौचातून पोलिओचा विषाणू सर्वांत जास्त पडतो, म्हणून शौचाचा नमुना घ्यायचे चौदा दिवस इथूनच मोजतात.

उजव्या गुडघ्याखाली हातोडी मारली, पाय हलला नाही. तळव्याला गुदगुली मात्र कळत होती. तापात कमरेवर इंजेक्शन दिलेलं होतं. पण कमरेतून पायाकडे जाणाऱ्या नसेला सुई लागली असती तर पाऊल लटकलं असतं आणि गुडघ्याचा झटका टिकला असता. पुढची इंजेक्शनं बंद करायला सांगितली, कारण पोलिओत त्यांनी लुळेपणा वाढू शकतो.

नमुने दोन लागतात, किमान चोवीस तासांच्या अंतराने, कारण विषाणू रोज सारखा पडत नाही. एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ घेतलेले दोन चालत नाहीत. प्रत्येकी साधारण आठ ग्रॅम, अंगठ्याएवढा; कोरडी बाटली, घट्ट झाकण, आइसपॅक. लशी नेण्याचा थंड डबा, कॅरिअर, यासाठी वापरायचा नाही. ७२ तासांत परळची प्रयोगशाळा. आजीने मध्यस्थी केली आणि दुसऱ्या नमुन्यासाठी गावी निघणं एक दिवस पुढे ढकललं, हे फार मोठं काम झालं.

"देशात पोलिओ संपला ना?" वडिलांनी विचारलं. शेवटचा नैसर्गिक पोलिओ २०११ साली हावड्यात सापडला. त्यानंतर नाही, हे अशाच बाटल्यांवरून कळतं, दादा. आईला बजावलं: शौच धुतल्यावर हात साबणाने चोळून धुवा. या विषाणूला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझरचा भरवसा नाही.

प्रयोगशाळेत विषाणू दोन प्रकारच्या पेशींत वाढवून पाहतात. अहवालात पोलिओसाठीच्या एल२०बी पेशींत विषाणूची वाढ नव्हती, आरडी पेशींत होती: म्हणजे पोलिओ नाही, पण पोलिओच्याच पिकोर्ना कुळातला दुसरा एंटरोव्हायरस, म्हणजे आतड्यात वाढणारा विषाणू. तोही पाय लुळा करू शकतो. साठ दिवसांनंतरच्या तपासणीसाठी गावच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवलं. दोन्ही मांड्यांचा घेर मोजायला आवर्जून सांगितलं.