नोझलपासून क्रँकपर्यंत

एप्रिलातल्या एका सकाळी तासगाव तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार विहिरीवरचे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन टेम्पोत घालून माझ्याकडे आले. खरड छाटणी नुकतीच झाली होती, बागेला पाणी हवे होते आणि विजेचा भरवसा नव्हता. "मिस्त्री, सुरू होताना पांढरा धूर टाकतंय. नोझल तेवढं बदला, दुपारी घेऊन जातो," असे अण्णा म्हणाले आणि मीही हो म्हटले.

टेस्टरवर लावताच डिझेल फवारणाऱ्या नोझलचा दोष दिसला, कारण फवाऱ्याऐवजी त्याच्या टोकावरून थेंब गळत होते. नवे बसवण्याआधी सवयीने ऑइलची पट्टी ओढली आणि थबकलो. जुन्या इंजिनात ऑइल सहसा कमी होत जाते. इथे मात्र ते वरच्या खुणेच्याही वर होते, आणि बोटांवर घेतले तर पाण्यासारखे पातळ लागून त्याला डिझेलचा वास येत होता. गळणारे डिझेल न जळता लायनरवरचा, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिच्यावरचा, ऑइलचा थर धुऊन काढत, पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होते आणि इंजिन कित्येक दिवस त्याच पातळ ऑइलवर फिरत होते. नुसते नोझल बदलले असते तर धूर थांबला असता. झिजलेल्या बेअरिंगचा ठोका मात्र मागाहून आला असता. मी अण्णांना पट्टी दाखवली आणि हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, काढण्याची परवानगी मागितली.

८० मिलिमीटरच्या लायनरमध्ये, वरची रिंग जिथे थांबते तिथे, नख अडकेल एवढी पायरी पडलेली होती. बोअर गेजने झीज ०.३० मिलिमीटर दाखवली. कनेक्टिंग रॉडची टोपी उघडली तेव्हा बेअरिंगचा राखाडी थर जाऊन खालचे तांबे दिसत होते, आणि जिची मला खरी भीती होती ती क्रँकपिन, म्हणजे क्रँक या फिरत्या दांड्याचा रॉड बसतो तो गोल भाग, तीही अंडाकृती झाली होती. खर्चाचा आकडा ऐकून अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चार दिवस शेजाऱ्याचं पाणी घेतो. नीट करा."

क्रँक सांगलीला पाठवून ०.२५ मिलिमीटर घासून आणला. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळे नवे घातले, व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवले, आणि पिस्टन वर आल्यावर हेडशी किती अंतर राहते ते शिशाची तार दाबून मोजले. हे मोजमाप घाईत टाळणारे कारागीर मला मुळीच पटत नाहीत.

पाचव्या दिवशी इंजिन दुसऱ्याच हँडलला सुरू झाले. सुरुवातीला पूर्ण भार देऊ नका आणि पहिले ऑइल लवकर बदला, एवढे सांगून ते पाठवले. काही आठवड्यांनी अण्णा काढलेले ऑइल बाटलीत भरून स्वतः घेऊन आले. आम्ही दोघांनी ते बोटांवर चोळून पाहिले. त्याला डिझेलचा वास नव्हता.