बेल्ट बदल म्हणे! पण बेल्ट आहेच कुठे?

जुनं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, बिघडलंय असं इकडे जर्मनीत कुणालाही सांगा, पहिला सल्ला ठरलेला. थाळी फिरवणारा रबरी बेल्ट सैल झाला असेल, नवा घाल. ऑफिसातल्यांनी तेच सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने तेच, आणि पुण्याहून फोनवर दादानेही तेच. आता ज्या मशीनला मुळात बेल्टच नाही त्याचा बेल्ट काय कपाळ बदलायचा?

माझं मशीन म्हणजे ड्युअल १२१९, साधारण १९७० च्या आसपासचं. हॅनोव्हरमध्ये लाइने नदीच्या काठाने दर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, १९६७ पासून भरतोय, तिथून उचललं. पुण्याचा जुना बाजार डोळ्यासमोर आणा, फक्त इथे कुणी ओरडत नाही आणि भाव करायला गेलं तर विकणारा एकदाच मान हलवतो, संपला विषय.

ड्युअल ही ब्लॅक फॉरेस्टमधल्या सांक्ट गेओर्गन गावची कंपनी, १९०७ ची. आधी घड्याळांचे आणि ग्रामोफोनचे सुटे भाग बनवायचे आणि ते १२१९ उलटं केलं की लगेच कळतं, खाली सर्किट वगैरे जवळपास काही नाहीच, नुसत्या पट्ट्या, स्प्रिंगा, दातेरी चाकं. वर तीन किलोची जड थाळी, आणि मोटरची ताकद तिच्यापर्यंत पोचवायला मध्ये एक रबरी चाक, मोटरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीला चिकटून फिरणारं. वेग बदलायचा खटका फिरवला की हे चाक पुलीच्या दुसऱ्या पायरीवर जातं, मिनिटाला ३३, ४५ आणि ७८ फेरे. म्हणून बेल्ट नाही.

तर दुखणं असं होतं की थाळी फिरायची, स्टार्टचा खटका ओढला की आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, ऐटीत उचलला जायचा, आणि मग रेकॉर्डकडे वळायचं सोडून जरा थबकून परत आपल्या जागेवर जाऊन बसायचा. शिवाय एकाच स्पीकरमधून आवाज.

दुरुस्तीच्या दुकानात विचारलं तर तासाचा दर ऐकूनच बाहेर आलो, मशीनच्या किमतीपेक्षा जास्त. पुण्याच्या तपकीर गल्लीत कुणी ना कुणी 'ठेवून जा साहेब, परवा या' म्हणालं असतं, ती सोय इथे नाही. इथे सोय आहे ती रिपेअर कॅफेची. ॲमस्टरडॅमला २००९ साली ही कल्पना सुरू झाली आणि आता जर्मनीत गावोगावी आहे, चर्चच्या नाहीतर मोहल्ल्याच्या हॉलमध्ये रिटायर्ड मंडळी हत्यारं घेऊन बसतात, कॉफी-केक असतो, पैसे ऐच्छिक. पण ते तुमची वस्तू दुरुस्त करून देत नाहीत, शेजारी बसून तुमच्याकडून करून घेतात! माझ्या वाट्याला जे आजोबा आले त्यांनी आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेले, त्यांनी मशीनकडे बघून आधी स्क्रू-ड्रायव्हर नाही, हेअर ड्रायर मागवला.

कारण ग्रीस. आता यात कंपनीचा दोष नाही, पन्नास वर्षांनी कुठलंही ग्रीस वाळतं, पण या असल्या ऑटोमॅटिक मशीनमध्ये ते वाळून लाखेसारखं घट्ट होतं आणि ज्या पट्ट्या बोटाच्या हलक्या धक्क्याने सरकायला हव्यात त्या जागच्या जागी चिकटून बसतात. मग लोक जोर लावतात आणि पातळ पत्र्याची पट्टी वाकवून ठेवतात. आजोबांचं एकच पालुपद, जोर नाही, गरम कर. प्लॅस्टिक सांभाळून ड्रायर मारायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा, पट्टी सुटी झाली की काढून पुसायची, तिथे नवं ग्रीस, पण अगदी टाचणीच्या टोकाएवढं. दुपार त्यातच गेली आणि खरं सांगू का, मला मजा आली, ऑफिसात दिवसभर स्क्रीनवर जे करतो त्यापेक्षा कितीतरी जास्त.

आर्म न वळण्याचं कारण मात्र वेगळंच निघालं. आर्म वळवणाऱ्या पट्टीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी रबरी टोपी असते, तिच्या घर्षणावर आर्म रेकॉर्डकडे ढकलला जातो. ते रबर कधीच भुगा होऊन गेलेलं. या मॉडेलवाल्यांना हे दुखणं पाठ असतं. नवीन टोपी विकत मिळते, पण आजोबांनी सायकलच्या जुन्या व्हॉल्व्हच्या नळीचा बारीक तुकडा कापून बसवून दिला. एवढ्याशा रबरामुळे किती मशीनं भंगारात गेली असतील देव जाणे.

एका स्पीकरचा प्रश्न पट्कन सुटला. आर्म हलत असताना खरखर ऐकू येऊ नये म्हणून आवाज बंद ठेवणारा एक स्विच असतो, त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडलेले, साफ केले. रबरी चाकही अल्कोहोलने पुसून घेतलं. आणि मेन स्विचवरचा जुना कपॅसिटर चांगला दिसत असूनही आजोबांनी काढायला लावला, कारण हे म्हातारे कपॅसिटर एक दिवस फट्दिशी फुटून घरभर धूर करतात. जागी एक्स-२ दर्जाचा, म्हणजे थेट मेनच्या विजेवर लावण्यासाठीच बनवलेला, नवा. हे काम ज्याला मेनच्या वायरिंगचा हात नाही त्याने करू नये.

वेग तपासायला छापलेली रेघांची तबकडी वापरली. ५० हर्ट्झच्या विजेवर लागलेल्या बल्बच्या उजेडात ३३ च्या वेगाला १८० रेघांचं वर्तुळ स्थिर दिसायला हवं, एलईडीखाली ते नीट दिसत नाही, जुना पिवळा बल्ब लागतो. थोडा फरक होता तो वेग बारीक जुळवायच्या खुंटीने काढला. या खुंटीने स्वर साधारण अर्धा सूर हलतो, त्यामुळे पेटी काढून रेकॉर्डबरोबर सूर जुळवता येतो, हा माझा नवीन उद्योग आणि बायकोच्या मते नवीन त्रास.

मला हे मशीन हवं होतं ते ७८ साठी. सांगलीच्या आत्याकडून आणलेल्या नाट्यगीतांच्या रेकॉर्डी आहेत. त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते, एलपीची, म्हणजे ३३ च्या रेकॉर्डची, सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत बसते. आणि हे सगळं हॅनोव्हरमध्ये बसून करण्यात एक गंमत आहे. सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढणारा एमिल बर्लिनर इथलाच, १८५१ चा जन्म. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान वगैरेंची जी पहिली रेकॉर्डिंग झाली त्यांच्या तबकड्या छापल्या गेल्या याच शहरात आणि बोटीने परत गेल्या. तबकडीत जाणारी लाख बहुतेक आपल्याच देशातली. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत हे असंच चालू होतं. आणि १९८२ साली पहिल्या सीडी निघाल्या त्याही इथे शेजारच्या लांगेनहागेनमध्ये, म्हणजे रेकॉर्ड जन्माला घातली यांनी आणि घरी बसवलीही यांनीच.

जाताजाता, तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर काकांनी अमेरिकेहून आणलेलं असं मशीन असेल तर सरळ प्लग लावू नका. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. व्होल्टेजचं जमवलं तरी आपल्या ५० हर्ट्झवर ही जुनी मोटर सावकाश फिरते, ३३ ची रेकॉर्ड २८ च्या खाली जाते आणि लताबाई पुरुषी आवाजात गायला लागतात. ड्युअलमध्ये मोटरची पुली बदलता येते, ५० वाली शोधा. बेल्ट शोधू नका.