तुम्ही विचारलंत म्हणून: घाण्यामागे एक पळी

जुने शिलालेख वाचायचा मला नाद आहे हे कळलं, की हटकून एक प्रश्न येतो. "राजे, लढाया, देवळं ठीक आहे हो. पण यादवांच्या काळात आपल्यासारखी माणसं जगत कशी होती?"

मी उत्तराला घाण्यापासून सुरुवात करतो. माझ्या आजोबांचा बैलाचा लाकडी घाणा होता. बैलाच्या डोळ्यांवर झापड, लाटेची करकर, आणि घरभर पेंडीचा वास. तेल काढायला लांब दांड्याची पळी असायची. ती खुंटीला अडकवलेली मी लहानपणी रोज पाहिली आहे.

चाळीसगावजवळच्या पाटणला शके 1128 चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला आणि तिथल्या निकुंभ या सामंत घराण्यातल्या सोन्हदेवाने त्या मठाला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, त्यात वंशावळी आणि स्तुती. पण मठाचा खर्च कुणाकडून वसूल करायचा हे सांगायची वेळ आली, की मजकूर मराठीत उतरतो. मला वाटतं, ज्यांच्याकडून घ्यायचं त्यांना तो कळायला हवा होता! बाजारात जो माल विकेल त्यावरचा राजाचा वाटा मठाला. माल मोजायचा तो मठाच्या मापाने. आणि गावात जेवढे घाणे चालतात त्या प्रत्येकामागे, लेखातल्याच शब्दांत, "पली पली तेला".

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुढे वाचवेना. ग्रहांचं गणित शिकणाऱ्या त्या पोरांचे दिवे याच तेलावर जळत असतील. ते देणाऱ्या एकाही तेल्याचं नाव दगडावर नाही, नुसता त्याचा घाणा मोजलाय.

त्या घाण्यात शेंगदाणा मात्र नव्हता. तो, मिरची आणि बटाटा अमेरिकेतून आले, ते पोर्तुगीज आल्यानंतर. तेव्हा तीळ, करडई, जवस यांचं तेल. तिखटपणा मिऱ्याचा, आल्याचा. भाकरीसोबत लाल ठेचा नाही, ही गोष्ट आमच्या खानदेशी पाहुण्यांना सर्वात जास्त धक्का देते.

आणि भाकरीचं पीठ? ते रोज पहाटे जात्यावर. जनाबाईच्या अभंगांत दळणकांडण आहे, शेणी वेचणं आहे. देव आला तरी तिच्यासोबत दळायलाच बसतो. इतकं काम असायचं, की देवाची कल्पनासुद्धा कामाबाहेर करता येत नव्हती. माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा आम्ही पोरं तिच्या ओव्यांवर झोपायचो. तिचे खांदे किती दुखत असतील हा विचार मला फार उशिरा सुचला.

"म्हणजे कष्टाचं, पण छान होतं की!" असं कुणी म्हणालं, तर मी मंगळवेढ्याचं सांगतो. चोखामेळा गावाबाहेर राहणारा, देवळात जायची बंदी असलेला माणूस. यादवांचं राज्य संपून थोडी वर्षं झाली होती, तेव्हा 1338 साली मंगळवेढ्याचं गावकूस बांधत असताना ते कोसळलं आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गेले. ज्या गावाने आत घेतलं नाही, त्याच गावाची भिंत बांधताना. पंढरपूरला नामदेव पायरीशी त्यांची समाधी आहे. दर्शनाच्या गर्दीत लोक तिथे क्षणभर हात जोडून पुढे सरकतात. मी तिथे जरा जास्त वेळ उभा राहतो.

चोखोबांचं नाव राहिलं, कारण त्यांचे अभंग लोकांच्या तोंडी होते. त्या भिंतीखाली गेलेले बाकीचे कोण होते? त्यांच्या घरी त्या सकाळी जातं कुणी फिरवलं होतं? मला आवडेल विचारायला, पण हे सांगणारा दगड मला अजून भेटलेला नाही. म्हणून जुन्या लेखांत राजाच्या बिरुदांवरून माझी नजर भराभर खाली सरकते. शेवटी, जिथे मापं सुरू होतात, तिथे मी थांबतो.