इनसाइड ठरल्यावर मागील वर्षांचे काय?

लंडनमधील आमच्या ओळखीचे एक मराठी गृहस्थ स्वतःच्या लिमिटेड कंपनीमार्फत एका लहान कंपनीचे आयटीचे काम बरीच वर्षे करत आहेत. ती कंपनी वाढली, आयआर३५ या करनियमातून लहान कंपन्यांना असलेली सूट तिला लागू राहिली नाही, आणि तिने त्यांना ‘स्टेटस डिटरमिनेशन स्टेटमेंट’, म्हणजे कामाचा दर्जा ठरवणारे पत्र, पाठवून यापुढे त्यांचे काम ‘इनसाइड’, म्हणजे करापुरते नोकरीसारखे, धरले जाईल असे कळवले. हाती येणारी रक्कम घटणार हे त्यांनी स्वीकारले. परंतु आज आपण नोकरदारासारखे ठरलो, तर काल कोण होतो, असे एचएमआरसीने, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याने, विचारल्यास काय सांगायचे, या चिंतेने त्यांची झोप उडाली आहे.

आयआर३५ हा नियम एप्रिल २००० पासून लागू आहे आणि त्याचा प्रश्न सरळ आहे: कॉन्ट्रॅक्टरची स्वतःची मधली कंपनी बाजूला काढली, तर हा माणूस क्लायंटचा नोकर ठरेल का? हे ठरवण्याची जबाबदारी सरकारी क्षेत्रात २०१७ मध्ये आणि खासगी क्षेत्रातील मध्यम व मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ६ एप्रिल २०२१ पासून क्लायंटकडे गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी हे बदल रद्द करण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जागी आलेले जेरेमी हंट यांनी ती मागे घेतली. लहान क्लायंट असेल, तर निर्णय आणि जोखीम दोन्ही अजूनही कॉन्ट्रॅक्टरचीच असतात, आणि या गृहस्थांची अडचण नेमकी येथे आहे.

एचएमआरसीला सामान्यतः चार वर्षे मागे जाता येते, निष्काळजीपणा आढळल्यास सहा, आणि हेतुपुरस्सर चुकवेगिरी असल्यास वीस. २०२१ च्या बदलाच्या वेळी एचएमआरसीने आश्वासन दिले होते की, फसवणुकीचा वा गुन्ह्याचा संशय नसल्यास, या बदलामुळे मिळालेल्या माहितीच्या आधारे जुन्या वर्षांची नवी चौकशी सुरू होणार नाही. करखात्याने असे लेखी सांगावे, याचे मला मनापासून कौतुक वाटते. तरीही ते त्या वेळच्या बदलासाठीचे धोरण होते. क्लायंट आज मोठा झाला म्हणून ज्याचा दर्जा बदलला, त्याने त्यावर विसंबून राहू नये.

चौकशीत कराराच्या कागदापेक्षा प्रत्यक्ष कामाला महत्त्व असते. आपल्या जागी दुसरा माणूस पाठवण्याचा हक्क करारात आहे, पण क्लायंट तो कधी मान्य करेल का? काम कसे करायचे हे कोण ठरवते? एखाद्या जुन्या ईमेलमध्ये ‘पुढच्या शुक्रवारी सुट्टी मिळेल का?’ असे वाक्य सापडले, तर ते त्या माणसाच्या विरोधात जाते. आकारणी चूक आहे हे न्यायाधिकरणापुढे सिद्ध करण्याचा भारही मुख्यतः करदात्यावरच असतो. टीव्ही निवेदिका लॉरेन केली अशाच खटल्यात २०१९ मध्ये जिंकल्या, पण त्यांच्याकडे सुमारे १२ लाख पौंडांची मागणी झाली होती; इतके लढण्याची ताकद किती जणांकडे असते?

आपल्या लोकांच्या भीतीला आणखी एक कारण आहे. कर आणि व्हिसाच्या अर्जांतील उत्पन्नाच्या आकड्यांत तफावत दाखवून ब्रिटिश गृहखात्याने अनेक उच्चकुशल स्थलांतरितांचे कायम वास्तव्याचे अर्ज नाकारले होते, आणि अर्जदाराला बाजू मांडण्याची संधी न देणे अन्याय्य आहे, असे अपील न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. तेव्हा ‘कर वाचवायला कंपन्या काढल्या’ असे भारतात बसून कोणी म्हणते, तेव्हा मला ते पटत नाही. येथील एजन्सी बहुधा कंपनीशिवाय करारच करत नाहीत. आपल्याकडेही पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकमधील डॉक्टर पगारदार की सल्लागार, हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलाच होता. मात्र तेथे प्रश्न रुग्णालयाने किती कर कापायचा, हा होता, डॉक्टरांच्या घरादाराचा नव्हता.

घाबरून क्लायंट सोडावा, असे अनेक जण सुचवतात. मला ते मान्य नाही, कारण सोडून गेल्याने मागील वर्षे पुसली जात नाहीत. निर्णय चुकीचा वाटत असेल, तर क्लायंटकडे लेखी हरकत घ्यावी. त्याला ४५ दिवसांत उत्तर द्यावेच लागते. प्रत्येक जुन्या करारासोबत त्या काळातील कामाचे पुरावे, स्वतःच्या खर्चाने दुरुस्त केलेल्या चुका, इतर ग्राहकांची बिले, हे सर्व आत्ताच एकत्र करावे, कारण चार वर्षांनी क्लायंटकडचा आज साक्ष देऊ शकणारा मॅनेजर तेथे असेलच असे नाही.